पालथे दिवस

हे मी रोज थोडं थोडं लिहितो आहे. सकाळच्या उजेडात, खिडकीकडे पाठ करून, जाड अक्षरात. डोळा थकला की थांबतो. ज्यांच्या डोळ्याची अशीच मोठी शस्त्रक्रिया व्हायची आहे, किंवा ज्यांच्या घरात असं कुणी आहे, त्यांच्या हाती हे पडावं एवढीच इच्छा. वैद्यकातलं मला फारसं कळत नाही. माझ्या डोळ्याचं आणि माझ्या घरात जे झालं, तेवढंच सांगतो.

माझा डावा डोळा लहानपणीच गेला. आम्ही विणकरांच्या घरातले. नागपुरात महालाच्या पलीकडे आमची वस्ती, घरात वडिलांचा हातमाग. एका दुपारी मागावरचा धोटा उडाला आणि माझ्या डोळ्यावर बसला. धोटा म्हणजे ताण्याच्या सुतांमधून इकडून तिकडे धावणारं टोकदार लाकूड. त्यानंतर डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळलं नाही. जे पाहिलं, जे वाचलं, ते सगळं उजव्या डोळ्याने. त्या एका डोळ्यावर मी शिकलो आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो.

सुनंदा, माझी पत्नी, मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात गेली. तापाचं निमित्त झालं, रक्तात संसर्ग पसरला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. दवाखान्यातली एक मुलगी नेत्रदानाबद्दल विचारायला आली होती. मी हो म्हणालो. कागद पाहून तिनेच हळूच सांगितलं की संसर्गामुळे त्यांचे डोळे घेता येणार नाहीत. ती मुलगी माझ्या शेजारी थोडा वेळ नुसती बसून राहिली. तिचं नाव मला माहीत नाही.

*

दिवाळीच्या सुमाराला सकाळी उठल्यावर सगळं धुक्यात दिसायला लागलं. दुपारपर्यंत धुकं विरायचं, म्हणून मी महिनाभर कुणाला काही बोललो नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल असं म्हणत राहिलो. मग दुपारीही धुकं राहायला लागलं. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची. आणि एके दिवशी वाचताना ओळीवर खालून एक गोल कडा तरंगत आली, पाण्यात पडलेल्या नाण्याच्या कडेसारखी.

गल्लीत तोवर निकाल लागलेला होता. बायकोसाठी रडून रडून यानं डोळा घालवला, असं लोक म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागून ऐकू येई. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. मी रडलोही पुष्कळ होतो.

दवाखान्यात कॉर्नियाच्या मॅडमनी तपासलं, मग पडद्याच्या सरांकडे पाठवलं. त्या दवाखान्यात सगळे पेशंट डॉक्टरांना असंच ओळखतात, कुणी काचेचे, कुणी पडद्याचे. दोघांनी मिळून मला समोर बसवलं. मॅडम म्हणाल्या, डोळ्याची पुढची काच, म्हणजे कॉर्निया, सुजून पांढुरकी झाली आहे. काही वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून बसवलेलं भिंग जागेवरून सुटून मागे लोंबकळतं आहे. आणि मागच्या पोकळीत जो पारदर्शक रस असतो तो गढूळ होऊन पडद्याला ओढतो आहे. तीन दुखणी, एकच डोळा.

एकेक करून तीन शस्त्रक्रिया करायच्या, की एकदाच डोळा उघडून तिन्ही करायच्या, हा प्रश्न होता. सर म्हणाले, पुढची काच धूसर आहे म्हणून मला मागचं दिसत नाही, आणि मागचं नीट केल्याशिवाय नवी काच बसवून उपयोग नाही. म्हणून आधी मॅडम खराब काच कापून काढतील, तिथे तात्पुरती प्लास्टिकची खिडकी लावतील. त्या खिडकीतून ते रस साफ करतील, सुटलेलं भिंग काढून नवं भिंग टाक्यांनी अडकवतील. मग मॅडम खिडकी काढून नेत्रदानातून आलेली काच शिवतील.

मी एकच विचारलं, वाचता येईल का?

मॅडम म्हणाल्या, "घरात आपलं आपण वावरता यावं, हे पहिलं. वाचण्याचं वचन मी देत नाही, काका. आणि डोळा पूर्ण जाऊ शकतो, हेही सांगायला हवं."

मला त्या मॅडमबद्दल आदर वाटतो तो त्या दिवसापासून. घरी येऊन मी पुस्तकांच्या कपाटाशी उभा राहिलो. पाठांवरची नावं दिसत नव्हती. कोणतं पुस्तक कुठे आहे ते मात्र हाताला ठाऊक होतं.

*

नवी काच कधी मिळेल ते कुणाच्या हातात नसतं. फोनची वाट पाहायची. आणि फोन येण्याची वाट पाहणं म्हणजे कशाची वाट पाहणं आहे, हे ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

फोन जानेवारीत सकाळी चहाच्या वेळेला आला. लगेच या म्हणाले. माझी मुलगी रेवती हैदराबादला असते, ती नेमकी तेव्हा आलेली होती. ती पिशवी भरत होती आणि मी नुसता बसून होतो. जिथून ही काच येणार होती, कुठेतरी त्या घरात आज चूल पेटली नसणार. शेजारून पिठलं-भात आला असेल. कुणी तरी म्हणत असेल, दोन घास खाऊन घ्या. तशा सकाळी त्या माणसांनी एका परक्या माणसाला हो म्हटलं. ते कोण हे मला कळणार नाही, दवाखाना सांगत नाही. रोज डोळा उघडताना मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करतो.

शस्त्रक्रिया डोळा बधिर करून झाली. दुखलं नाही. दिसत काहीच नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. चाकाचं स्टूल सरकल्याचा आवाज आला, मॅडम उठल्या, सर बसले. पुष्कळ वेळाने पुन्हा स्टूल सरकलं, मॅडम बसल्या. एकमेकांशी ते फार थोडं बोलत होते. दोन चांगले विणकर एका मागावर आळीपाळीने बसावेत तसं वाटलं, आणि भीती जरा ओसरली.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर कामठीचे एक म्हातारे चाचा होते, सगळा जन्म पॉवरलूमवर काढलेले. मी हातमागवाल्याचा मुलगा हे कळल्यावर ते मोठ्याने हसले. "हमारा लूम तुम्हारे लूम को खा गया, मास्टरजी. अब दोनों की आँख एक ही डॉक्टर सी रहे हैं." मी मास्टर नव्हतो, पण त्यांनी शेवटपर्यंत तेच म्हटलं. जाताना त्यांनी माझा हात शोधून दाबला. पट्टी त्यांच्याही डोळ्यावर होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं की पडद्याला एक बारीक फाट सापडली. ती चिकटावी म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आहे. बुडबुडा वर चढतो, तेव्हा पडदा वर यायला हवा, म्हणजे तोंड खाली हवं. झोपताना, बसताना, जेवताना, चालताना, सतत खाली. आठ-दहा दिवस तरी. हे पाळलं नाही तर बाकीची मेहनत वाया जाऊ शकते.

मला वाटलं, एवढंच ना. ज्यांना हे सांगितलं गेलं आहे त्यांना सांगतो, ते एवढंच नसतं. पहिल्या दिवशी मान दुखते, दुसऱ्या दिवशी पाठ, तिसऱ्या दिवशी मन. जगात फक्त फरशी उरते, आणि तीही दिसत नाही. पण ते दिवस संपतात.

*

रेवतीला परत जावं लागलं. तिचं मूल लहान, रजा संपलेली. मग उमरेडहून मामी आल्या. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. या सुनंदाच्या आई, वय ऐंशीच्या घरात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरांतल्या जुन्या बायका जावयासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतात आणि त्याच्याशी थेट बोलत नाहीत. इतक्या वर्षांत मामी माझ्याशी सुनंदामार्फत बोलल्या. मी समोर जेवत बसलेलो असायचो आणि त्या आतून म्हणायच्या, सुनंदा, जावईबापूले भाकर पायजे का विचार. सुनंदा माझ्याकडे न बघताच उत्तर द्यायची, नको म्हणतात. मला हवी असायची.

आता मध्ये सुनंदा नव्हती. पहिले दोन दिवस मामी भिंतीशी बोलत. जेवण झालं आहे, जेवणाऱ्यानं जेवून घ्यावं. औषधाची वेळ झाली, ज्याचं असंल त्यानं पाहावं. मी टेबलावर कपाळ टेकून बसलेला, आणि त्या दाराशी पदर ओढून उभ्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीला न विचारता मला विचारलं, "तुमाले खरंच काही दिसत नाही ना?"

काही नाही, म्हटलं. उजेड तेवढा.

मग लुगड्याची सळसळ झाली आणि त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "मंग मी काहून मान खाली घालून उभी हाय? तुमची खाली, माही बी खाली. एकीनं तं वर पाहावं."

मी बऱ्याच महिन्यांनी हसलो. हसताना डोकं हलवायचं नाही हेही तेव्हाच शिकलो.

माझी पालथी बैठक त्यांनीच सोसण्याजोगी केली. उशीवर तोंड टेकलं की श्वास कोंडायचा. त्यांनी सुनंदाचं एक जुनं पातळ पिळून मोठी चुंबळ केली, डोक्यावर घागर ठेवायला करतात तशीच, पण थाळीएवढी. कपाळ आणि हनुवटी कडेवर, नाक मधल्या पोकळीत. हे मी दवाखान्यात सांगितलं तेव्हा सिस्टरने कशी करायची ते विचारून घेतलं.

त्यांच्या हाताला चव होती. भातात खडे मात्र लागत. मी काही बोललो नाही. जावई म्हणून इतकी वर्षं मुरलेला संकोच, आणि त्यात इतकं करणाऱ्या माणसाला खडा लागला म्हणून सांगायचं कसं?

आम्ही खूप बोललो त्या दिवसांत. उमरेडचा बाजार, सासऱ्यांचा माग, कोणाची सून कशी, कोथिंबिरीचे भाव. सगळ्यावर बोललो, सुनंदावर नाही. त्याला कारण होतं. गल्लीतल्या निकालाप्रमाणे माझा डोळा रडण्याने गेला होता, तेव्हा आता रडलो तर नवी काचही जाणार, हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. रेवतीने जाण्याआधी आईचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगितलं जाई, सुनंदाचा विषय नको. मामींची तर शपथच होती. डोळ्याले पाणी लागलं का ऑपरेशन फुकट जाते, असं त्या आल्यागेल्याला बजावत. दोघांचंही एकच माणूस गेलेलं, आणि दोघं दिवसभर एका टेबलाशी बसून कोथिंबिरीवर बोलत होतो.

*

मग एका दुपारी मी म्हणालो की मला भीती वाटते. डोळा गेला तर काय करायचं ते सुचत नाही. मला कुणाला तरी हे सांगायचं होतं, आणि तोंड खाली असलं की माणूस सांगून जातो.

मामी म्हणाल्या की तुमचं स्थळ आलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं की सासऱ्यांना मुलगा पसंत होता, शिकलेला, जातीतला, निर्व्यसनी. मामींनाच पटत नव्हतं. स्वयंपाकघरात त्या सुनंदाला म्हणाल्या, एका डोळ्याचा पोरगा. उद्या थो बी गेला तं काय करशील?

"तं काय म्हणते माहीत हाय? मागाच्या कांड्यांवर सूत भरून राह्यली होती. हात नाही थांबवला. म्हणे, थो गेला तं माहे दोन हायेत ना, आई."

पालथ्या माणसाच्या डोळ्यातलं पाणी गालावरून ओघळत नाही. डाव्या डोळ्यातलं थेट खाली पडलं, चुंबळीच्या मधून टेबलावर. उजवीकडे पट्टीच्या आत गरम लागलं आणि कापूस भिजत गेला. मला थांबवता आलं नाही. डोकं वर करायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही, म्हणून टेबलाच्या कडा धरून बसलो. मामींना आवाज आला. त्या एकदम उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्याच चुकीनं झालं, माझ्याच तोंडानं झालं, असं म्हणत राहिल्या. त्याआधी त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता.

तपासणीला अजून दोन दिवस होते. ते दोन दिवस आम्ही दोघांनी रेवतीलाही काही सांगितलं नाही. मामी देवाजवळ बसून राहत. जेवण दोघांनाही गेलं नाही. मला आतून खात्री झाली होती की संपलं. पट्टी काढतील आणि काळोख असेल. गंमत अशी की त्या काळोखात मला वाचता येणार नाही याचं फारसं काही वाटत नव्हतं. सुनंदाचं ते वाक्य मला मिळालं होतं. ते मिळायला डोळा द्यावा लागला असेल तर लागला, असं मी स्वतःला समजावत होतो. समजूत पटत नव्हती, हेही खरं.

*

तपासणीला ऑटोने गेलो. मान खाली घालून मी, मामींनी माझा दंड धरलेला. दवाखान्याच्या पायरीवर दोघेही अडखळलो, आणि मग मामी म्हणाल्या, पायरी हाय.

मॅडमनी पट्टी काढली. यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगून पाहू लागल्या. त्या काही बोलायच्या आत मीच सांगून टाकलं. मॅडम, मी रडलो. पट्टी भिजली होती. आधीची काचही अशीच गेली.

मॅडमनी यंत्र बाजूला केलं. "काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं? रडून कोणाचा डोळा जात नाही. तुमचं भिंग सैल होऊन सुटलं, ते सुटायचंच होतं. तुमच्यामुळे नाही."

आणि आता? मी विचारलं.

आता काच छान बसली आहे, त्या म्हणाल्या. टाके शाबूत आहेत, पडदा चिकटतो आहे. पाणी आलं तर येऊ द्या, गालावर स्वच्छ कापसाने टिपा. डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही. रडायला कुणाची बंदी नाही.

मामी दाराशी बसल्या होत्या. त्यांनी सिस्टरला दोनदा विचारून खात्री केली, रडलं तं चालते? नक्की चालते? सिस्टर हो म्हणाल्यावर त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि रडल्या. मुलगी गेल्यापासून त्यांना मी रडताना ऐकलं नव्हतं. आधी माझ्या डोळ्यासाठी आणि मग नव्या काचेसाठी त्यांनी ते धरून ठेवलं होतं. मी त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलो. बाकावरच्या एका बाईंनी सरकून जागा दिली आणि पाण्याची बाटली पुढे केली. काय झालं म्हणून विचारलं नाही.

घरी आल्यावर मामींनी कपाटात चाचपून सुनंदाचा फोटो काढला. त्या संध्याकाळी आम्ही तिच्याबद्दल बोललो. लहानपणी ती भरलेल्या कांड्यांतली एक लपवून ठेवायची, म्हणजे वडील माग थांबवून शोधत बसायचे आणि तिला खेळायला पळता यायचं. पुढे हीच बाई शाळेत गणित शिकवताना पोरांना म्हणायची, चुकलेलं लपवू नका, मला दिसतं.

*

पालथे दिवस संपले, पण दृष्टी लगेच आली नाही. हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण मी पट्टी काढल्यावर दिसेल अशी आशा धरून बसलो होतो. आधी वरच्या बाजूला एक फिकट पट्टा उजळला, खाली वायूचा बुडबुडा पाण्याच्या पातळीसारखा हलत होता. पातळी रोज थोडी खाली गेली आणि एक दिवस बुडबुडा पुरता नाहीसा झाला. मग नुसतं दुधी काचेतून दिसावं तसं. मग माणसांचे आकार. खिडकीचे गज. पाण्याचा पेला कुठे आहे ते. मामी मार्चमध्ये उमरेडला परत गेल्या तेव्हा मला त्यांच्या लुगड्याचा हिरवा रंग कळत होता, चेहरा नाही. तसाही त्यांनी पदर ओढलेलाच होता. मला दिसायला लागलंय म्हटल्यावर तो पुन्हा पुढे आला होता.

टाके महिन्यामहिन्याने काढत गेले. मध्ये एकदा डोळा लाल झाला, परकी काच शरीर नाकारतं आहे की काय अशी शंका आली, थेंब वाढवले, ते निवलं. लाल झालं, दुखलं, अंधुक झालं, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, उद्यावर टाकू नका, हे मी कळकळीने सांगतो.

यंदाच्या गणपतीनंतर चष्मा मिळाला. मी घरी येऊन कपाटातलं एक पुस्तक काढलं. ओळी जरा वाकड्या दिसल्या, अक्षरं कडेला पसरट. पण वाचता आलं. एक परिच्छेद, मग विश्रांती, मग दुसरा. मी तो परिच्छेद पुन्हा मोठ्याने वाचला. घरात कुणी नव्हतं.

*

ही बातमी मला मामींना प्रत्यक्ष जाऊन सांगायची होती. फोन केला नाही. एकटाच बस पकडून उमरेडला गेलो, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा एकटा.

मामी अंगणात उन्हाला बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला. मी फाटकातून आत येऊन त्यांच्यापासून पाचसहा पावलांवर थांबलो. त्यांनी तोंड वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा उघडा चेहरा पाहत होतो. कपाळ थेट सुनंदाचं. मी वाट पाहत होतो की आता हात वर जाईल आणि पदर पुढे येईल. हात जागचा हलला नाही.

"कोण हाये गा?" त्या म्हणाल्या.

मी आणखी दोन पावलं पुढे गेलो. उन्हात त्यांच्या दोन्ही बाहुल्या पांढऱ्या दिसत होत्या. मोतीबिंदू पिकून गेलेले. मी आहे, मामी, नागपूरहून, असं म्हटलं तेव्हा त्या घाईने पदर ओढू लागल्या, आणि मला भातातले खडे आठवले, आणि दवाखान्याची पायरी.

मी ओसरीवर बसलो. केव्हापासून म्हणून विचारलं. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, झाले दोनेक वर्ष. हळूहळू वाढून राह्यलं. सुनंदाला माहीत होतं. दिवाळी झाली की तुझ्या डोळ्याचं करून टाकू, असं ती म्हणाली होती. त्याच पावसाळ्यात ती गेली. मग त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. पाहाले आता काय राहिलं, असं वाटलं, म्हणाल्या.

मी एवढंच विचारलं की माझ्याकडे राहून तुम्ही माझं सगळं केलंत, ते दिसत नसताना?

त्या पदराआड हसल्या. "तुमाले काहीच दिसत नव्हतं, मले कमी दिसत होतं. आपलं भागत होतं ना."

दवाखान्यात यायला त्या तयार नव्हत्या. या वयात काहून, चालून राह्यलं ना, म्हणाल्या. मी समजावण्यात कच्चा आहे, ते काम घरात सुनंदाचं होतं. मी फक्त सांगितलं की तुम्ही आल्याशिवाय मी नागपूरला जाणार नाही, आणि तुमच्या ओसरीवर मला झोप येत नाही. जावयाला ओसरीवर ठेवणं त्यांच्याने झालं नसतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने निघालो.

*

त्यांची शस्त्रक्रिया साधी होती, एका डोळ्याची, दिवाळीनंतर झाली. दुसरा डोळा उन्हाळ्याआधी करू म्हणाले. त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर मी बाहेर बसलो होतो. सकाळी पट्टी काढली तेव्हा मला आत बोलावलं. मामींनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग सिस्टरच्या पांढऱ्या टोपीकडे, मग माझ्याकडे. पदराचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमी एवढे म्हातारे केव्हा झाले?"

सिस्टर तोंडावर हात ठेवून बाहेर गेली.

घरी आल्यावर दुपारी औषधाची वेळ झाली. त्या म्हणाल्या की शेजारच्या बाईंना बोलवा, जावयाच्या हातून मी डोळ्यात थेंब घालून घेणार नाही. शेजारच्या बाई बाहेर गेलेल्या होत्या. मी बाटली उजेडात धरली. त्यावरची अक्षरं फार बारीक होती, तरी नाव वाचलं, कधी घालायचं ते वाचलं, खात्रीसाठी पुन्हा एकदा वाचलं. मग हात धुऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, मामी, वर बघा.

त्या थोडा वेळ खालीच पाहत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. मी खालची पापणी हलकेच ओढली. थेंब बरोबर डोळ्यात पडला.